निवटीची हौस आणि चिखलाचे मोल

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. कोणी कबुतरे पाळतो, कोणी गुलाबाची कलमे जमवितो, तर कोणी शर्यतीच्या बैलांवर जीव टाकतो. काचेच्या पेटीत मासे ठेवण्याची हौसही अशीच आहे. एके काळी ती शहरातील सुखवस्तू घरांपुरती होती. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, तेव्हा खेड्यांतून मुंबईस आलेली माणसे राणीच्या बागेबरोबर तेही पाहून जात आणि गावी परतल्यावर काचेआडच्या माशांच्या गोष्टी सांगत. आज तालुक्याच्या बाजारपेठेतही मत्स्यपेट्यांचे दुकान दिसते, आणि खेड्यातील पुष्कळ घरांत, दवाखान्यांत व शाळांत अशी पेटी येऊन बसली आहे. त्यात गैर काही नाही. पाण्यातील जीवसृष्टीकडे मुलांचे लक्ष लागले, तर ते इष्टच होय.

परंतु या हौसेत एक नवी शाखा निघाली आहे, आणि तिच्याविषयी थोडे परखडपणे बोलणे अवश्य आहे. गोड्या पाण्यातील गप्पी किंवा सोनमासा पाळून झाल्यावर हौशी माणसाचे मन समुद्रातील माशांकडे वळते. आणि त्यांतही जे मासे वाळूत वा चिखलात बीळ करून राहतात, त्यांचे आकर्षण फार वाटते. बिळाच्या तोंडाशी डोळे वटारून बसलेला, चाहूल लागताच आत गडप होणारा आणि पुन्हा हळूच डोके वर काढणारा मासा पाहण्यात मौज आहे, यात शंका नाही. तथापि बिळात राहणारा मासा पाळावयाचा म्हणजे प्रथम बीळ पाळावयाचे, आणि बीळ पाळावयाचे म्हणजे ते ज्या मातीत असते ती माती समजून घ्यावयाची. हे ज्याला जमणार नाही त्याने अशा माशाच्या वाटेस जाऊ नये. आणि ज्याला जमेल त्यानेही ते ज्ञानासाठी करावे, विक्रीसाठी करू नये. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

बीळ म्हणजे काय?

प्रथम दूरदेशीचे एक उदाहरण घेऊ. शोभेच्या माशांच्या व्यापारात 'जॉफिश' या नावाने ओळखला जाणारा एक लहान मासा आहे. त्याची पिवळ्या डोक्याची जात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून कॅरिबियन समुद्रापर्यंत आढळते. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीहून थोडी अधिक. हा मासा आपल्या मोठ्या तोंडात वाळू भरून ती बाहेर टाकतो आणि उभे बीळ खणतो; नुसती वाळू ढासळते म्हणून शिंपल्यांचे व पोवळ्यांचे तुकडे आणून तो बिळाच्या भिंती रचतो. विहीर खणणारा गवंडी दगडांनी जसा आतून बांध घालतो, तसाच हा प्रकार. दिवसा तो बिळाच्या तोंडावर पाण्यात उभा तरंगत राहून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो, आणि रात्री आत शिरून दार लावून घेतो. मादीने घातलेली अंडी नर स्वतःच्या तोंडात धरून सांभाळतो.

असा मासा विकत आणून जो त्याला बोटभर वाळूच्या थरावर सोडतो, त्याला दुसऱ्या वा तिसऱ्या सकाळी पेटी रिकामी आणि मासा जमिनीवर सुकलेला आढळतो. लोक म्हणतात, मासा उडी मारून मेला. खरे म्हणजे तो घर शोधावयास निघालेला असतो. जाणकार हौशी अशा माशासाठी १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा थर घालतात, त्यात बारीक वाळू, जाड वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळतात, आणि पेटीला घट्ट झाकण बसवितात. एवढे केले म्हणजे तोच मासा वर्षानुवर्षे राहतो.

बिळात राहणाऱ्या माशाचा स्वभाव किती हळवा असतो, याचे एक उदाहरण जपानमधील टोकियो येथे घडले. तेथील सुमिदा मत्स्यालयात वाळूत शेपटी रोवून उभे राहणारे सुमारे ३०० लहान सर्पाकृती मासे होते. २०२० मध्ये साथीच्या काळात मत्स्यालय बंद राहिले आणि माणसांची ये-जा थांबली. तेव्हा हे मासे माणूस जवळ येताच वाळूत गडप होऊ लागले. देखरेख करणाऱ्यांना त्यांची प्रकृती पाहणेही कठीण झाले. शेवटी मत्स्यालयाने लोकांना विनंती केली, की त्यांनी दूरध्वनीच्या चित्रपडद्यावरून या माशांना आपले चेहरे दाखवावेत, म्हणजे त्यांना माणसांची पुन्हा सवय होईल. ज्या माशाचे सारे संरक्षण लपण्यात आहे, त्याला लपावयास जागा देणे आणि त्याच्याशी धीराने वागणे हीच त्याची खरी निगा होय.

खाडीतील निवटी

बिळात राहणारा मासा पाहण्यासाठी कोकणातील शेतकऱ्याला परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. ठाणे खाडीपासून धरमतरपर्यंत आणि पुढे दक्षिणेकडील खाड्यांच्या मुखांशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात. खाडीकाठच्या मुलाला त्या ओळखावयास शिकवावे लागत नाही. डोक्याच्या माथ्यावर बेडकासारखे दोन डोळे, पुढचे पर हातांसारखे टेकून चालण्याची रीत, आणि धोका दिसताच बिळात शिरण्याची चपळाई, या तीन खुणा पुरेशा आहेत.

निवटी या एकाच नावाखाली लोकव्यवहारात एकाहून अधिक जाती मोडतात, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. बाजारात टोपलीतून येणारी, जिचे कालवण करतात ती मोठी निवटी एक. तिचे शास्त्रीय नाव बोलियोफ्थॅल्मस डुसुमिएरी असे असून फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८३७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ही निवटी चिखलाच्या पृष्ठावर उगवणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या पातळ थरावर जगते. डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे फिरवीत ती चिखल खरवडून चरते. गाय जशी कुरणात चरते तशी. दुसरी, पेरिओफ्थॅल्मस वंशातील लहान निवटी. ती तिवरांच्या मुळांशी, खाडीच्या काठाशी अधिक असते आणि किडे, लहान खेकडे व चिखलातील कृमी यांवर जगते. एक चरणारी आणि दुसरी शिकार करणारी, असा हा भेद आहे, आणि पाळणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

निवटी पाण्याबाहेर कशी जगते, हा प्रश्न शाळेतील मुले नेहमी विचारतात. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठविलेले असते. शिवाय ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून ती हवेतील प्राणवायू घेते. मात्र अंग ओले राहणे ही त्याची अट आहे. म्हणूनच ती मधूनमधून चिखलात कुशीवर लोळते, आणि डोळे खाली ओढून ओले करून पुन्हा वर काढते. कोरड्या हवेत ठेवलेली निवटी पाणी जवळ असूनही गुदमरते, याचे कारण हेच.

बिळातील संसार

निवटीचे बीळ हे केवळ लपण्याचे भोक नव्हे. ते हातभर, कधी त्याहूनही खोल जाते. त्याला वळणे असतात, आणि पुष्कळ जातींत आतल्या बाजूस वर उचललेली एक कोठडी असते. खोल चिखलातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मग भरतीच्या वेळी मासा आत कसा राहतो, आणि त्याची अंडी कशी जगतात, हे कोडे बरीच वर्षे सुटलेले नव्हते. मलेशियातील एका मोठ्या जातीवरील निरीक्षणे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांवरून असे दिसून आले, की मासा बाहेरची हवा तोंडात भरून बिळात नेतो आणि आतल्या कोठडीत सोडतो. शेतकरी कणग्यात धान्य भरून ठेवतो, त्याप्रमाणे तो हवेचा साठा करतो.

यापुढील गोष्ट अधिकच विलक्षण आहे. जपानमधील लहान निवटीवर झालेले संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची अंडी कोठडीच्या छताला व भिंतींना चिकटविलेली असतात आणि ती पाण्यात नव्हे, तर साठविलेल्या हवेत वाढतात. नर त्यांच्यापाशी राहून, ओहोटी असेल तेव्हा तोंडातोंडाने ताजी हवा आणून कोठडीत भरतो. अंडी परिपक्व झाली, की रात्रीच्या भरतीच्या वेळी तोच नर हवा बाहेर काढून टाकतो. कोठडीत पाणी शिरते, अंडी बुडतात आणि बुडताच फुटून पिल्ले पाण्यात सुटतात. भरती-ओहोटीची वेळ, चंद्राची तिथी आणि चिखलाची घडण यांचा असा मेळ बसलेला असतो. यांतील एकही गोष्ट बिघडली, तर वीण फुकट जाते.

बादलीतील निवटी

आता नेहमी काय घडते ते पाहावे. खाडीकाठच्या एखाद्या गावात सुटीच्या दिवशी मुले चिखलात उतरतात आणि चार-सहा निवट्या बादलीत घालून घरी आणतात. घरात मागे कोणीतरी आणून टाकलेली काचेची पेटी असते. तीत नळाचे पाणी भरले जाते. कोणी शहाणा त्यात स्वयंपाकघरातील मूठभर मीठ टाकतो. तळाशी रंगीत खडे असतात. माशांनी पाण्यातच राहावे या समजुतीने पेटी काठोकाठ भरतात. निवट्या रात्रभर काचेला चिकटून वर चढण्याचा प्रयत्न करतात. दोन सापडत नाहीत. त्या तिसऱ्या दिवशी कपाटामागे मिळतात. उरलेल्या एकमेकींना चावतात आणि आठवडाभरात एकेक करून उलट्या होतात. घरातील वडील माणूस म्हणते, "जाऊ द्या, खाडीत काय कमी आहेत?"

या एका वाक्यातच सर्व दोष सामावलेला आहे. मुलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते इतकेच. शेतात रोप मेले, तर शेतकरी मातीत, पाण्यात वा बियाण्यात कोठे चूक झाली ते शोधतो. तीच दृष्टी येथेही लावली पाहिजे.

पाळावयाचीच असेल तर

खाडीकाठच्या शाळेला वा घराला निवटी पाळावयाचीच असेल, तर पुढील गोष्टी अपरिहार्य आहेत.

पहिली गोष्ट जागेची. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा पेटीत एक किंवा फार तर दोन लहान निवट्या ठेवाव्यात. पेटीचा अर्ध्याहून अधिक भाग जमीन असावा आणि उरलेला उथळ पाणी. जमिनीचा भाग एका बाजूस उंच ठेवून उतरता करावा. खाडीचा बारीक चिखल आणि वाळू मिसळून १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. नुसता चिखल घातला, तर तो खालून काळा पडून कुजतो आणि घाण वायू सोडतो. वाळू मिसळल्याने थर मोकळा राहतो. असा काळा झालेला थर एकदम ढवळू नये. एक-दोन लाकडाचे ओंडके किंवा चपटे दगड बसावयास ठेवावेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत ते प्रमाण भरती-ओहोटी व पावसाप्रमाणे बदलते. पेटीसाठी लिटरला सुमारे १५ ग्रॅम पुरे होतात. भरतीच्या वेळी आणलेले स्वच्छ खाडीचे पाणी आणि विहिरीचे पाणी मिसळून ते साधता येते. नळाचे पाणी वापरावयाचे झाल्यास ते दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून त्यातील औषध उडू द्यावे. खाण्याचे मीठ हा समुद्रक्षारांना पर्याय नव्हे, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज इतर अनेक क्षार असतात. पाणी आटून कमी झाले, तर भर गोड्या पाण्याची घालावी. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. खाऱ्या पाण्याची भर घातली, तर पेटी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाईल. खारवटलेल्या जमिनीचा अनुभव असणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट झाकणाची. निवटी काचेवर सहज चढते. पेटीवर काचेचे झाकण असावे, त्यात वाऱ्यापुरती फट ठेवून तीवर जाळी लावावी. झाकणामुळे आतील हवा ओलसर राहते, आणि ओल हाच निवटीचा श्वास आहे. पेटी थेट उन्हात ठेवू नये. परंतु अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवू नये.

चौथी गोष्ट अन्नाची. लहान निवटीला ताजा जवळा, गांडुळाचे बारीक तुकडे, लहान किडे यांपैकी काहीही दिवसातून एकदा, ती दोन मिनिटांत संपवील इतकेच द्यावे. उरलेले अन्न लगेच काढावे. ते कुजून अमोनिया वाढतो आणि थोड्या पाण्यात तो पाहता पाहता प्राणघातक होतो. दर आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

राहिली मोठी, चरणारी निवटी. तिच्याविषयी स्पष्टच सांगणे बरे, की तिला घरच्या पेटीत ठेवू नये. तिचे अन्न म्हणजे उन्हात रोज नव्याने उगवणारे शेवाळ. पेटीतील हातभर चिखलावरील शेवाळ ती दोन दिवसांत संपविते आणि पुढे उपाशी राहते. ती लगेच मरत नाही. आठवड्यामागून आठवडे खंगत जाते, आणि पाळणाऱ्याला वाटते की ती सुखात आहे. एका गायीला पुरेल एवढे कुरण लागते, ते पडवीतील कुंडीत उगवत नाही.

धंद्याचा प्रश्न

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यापुढे येथे एक निराळा प्रश्न उभा राहू शकतो. गावातील तरुण विचारील, की शोभेच्या माशांचा जोडधंदा सरकार सुचविते, मग खाडीत फुकट मिळणाऱ्या निवट्या शहरात का विकू नयेत?

शोभेच्या माशांच्या जोडधंद्यास उत्तेजन मिळाले, हे खरे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी अर्थसाहाय्याची तरतूद होती. सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के असे तिचे प्रमाण होते. परंतु त्या योजनेचा गाभा संगोपन हा आहे, वेचणी हा नव्हे. गप्पी, मोली, सोनमासा यांची वीण टाकीत होते. समुद्रातील क्लाउनफिश दगडावर अंडी घालतो, आणि त्याची पैदास टाकीत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. अशा माशांच्या बाबतीत विकलेल्या माशाच्या जागी दुसरा तयार करता येतो. निवटीची गोष्ट तशी नाही. जिच्या अंड्यांना चिखलातील हवेची कोठडी, राखणारा नर आणि रात्रीची भरती लागते, तिची पैदास घरच्या पेटीत करणे जवळजवळ अशक्य आहे. तैवान आणि चीनमध्ये तिच्या एका नातलग जातीची शेती होते. परंतु ती खाण्यासाठी, आणि चिखलाच्या विस्तीर्ण उथळ तळ्यांत. तेव्हा पेटीसाठी विकली जाणारी प्रत्येक निवटी ही खाडीतून उचललेलीच असणार. पेरणी न करता नुसती कापणी करण्यास शेती म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की खाण्यासाठी शेकडो निवट्या धरल्या जातात, त्यांना अडविले जात नाही. मग चार पाळल्या तर कोठे बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चार निवट्यांनी खाडी ओस पडत नाही. परंतु चिखलात हात घालून निवटी काढणारी कोळीण वा आगरीण ती घरच्या ताटासाठी आणि बाजारासाठी काढते. तिची उपजीविका त्या चिखलावर आहे, आणि चिखल राहिला पाहिजे हे तिला कोणी सांगावे लागत नाही. पेटीसाठी नेलेल्या निवट्यांपैकी बहुतेक वाटेत आणि पहिल्या पंधरवड्यात मरतील, आणि प्रत्येक मेलेलीच्या जागी दुसरी मागितली जाईल. अन्नाच्या गरजेला सीमा असते. करमणुकीच्या मागणीला ती नसते. शिवाय राज्यातील कांदळवनांचा मोठा भाग आज राखीव वन आहे. तेथून कोणताही जीव उचलण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावयास हवी, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी लोकांच्या ध्यानात आणून दिली पाहिजे.

चिखलाकडे पाहण्याची दृष्टी

या सर्वांमागे एक मोठा प्रश्न आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे. कोकणात पिढ्यान्पिढ्या खारबंदिस्ती घालून, उघाड्या बसवून समुद्राकडून भातजमीन मिळविली गेली. ते कष्ट थोर होते. परंतु त्याबरोबरच बांधापलीकडचा चिखल म्हणजे पडीक, निरुपयोगी जागा, ही समजूतही रुजली. कोणी तेथे भराव टाकतो, कोणी गावचा कचरा लोटतो. वस्तुतः बांधासमोरचा चिखल आणि त्यावरील तिवर हेच लाटांचा जोर मोडतात. ते नाहीसे झाले, की उधाणाचा मारा थेट बांधावर येतो. बांध फुटतो, आणि खारे पाणी शिरलेल्या शेताचे पीक पुढे काही वर्षे हाती लागत नाही.

जपानमधील इसाहाया उपसागराचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. शेतजमीन मिळविण्यासाठी आणि पुरापासून संरक्षण म्हणून तेथे सुमारे ७ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला, आणि १४ एप्रिल १९९७ रोजी पोलादी पडदे टाकून भरतीचे पाणी बंद करण्यात आले. निवटीच्या जातभाईंसाठी प्रसिद्ध असलेली तेथील चिखलवट सुकून गेली. पुढे बाहेरच्या समुद्रातील मच्छीमार आणि आतील नव्या जमिनीवरील शेतकरी यांच्यात दरवाजे उघडण्यावरून अनेक वर्षे न्यायालयात वाद चालले. शेतकरी चुकीचा होता असे नव्हे, आणि मच्छीमारही नव्हे. चिखलाची किंमत आधी कोणी हिशेबात धरली नव्हती, एवढेच.

निवटी ही त्या किमतीची एक खूण आहे. ज्या चिखलावर निवट्या उड्या मारतात, तो चिखल जिवंत आहे, असे समजण्यास हरकत नाही. घाणीने वा भरावाने तो मेला, की प्रथम बिळे दिसेनाशी होतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हौसेला सरसकट विरोध करू नये; तिला वळण द्यावे. खाडीकाठच्या प्रत्येक घरात पेटी असण्यापेक्षा गावच्या शाळेत एक नीट ठेवलेली पेटी असणे अधिक चांगले. आवश्यक ती परवानगी घेऊन, लहान जातीच्या एक-दोन निवट्या पावसाळ्यानंतर आणाव्यात. मुलांनी रोज पाण्याचा खारटपणा, उष्णतामान आणि निवटीचे वागणे वहीत टिपावे. बीळ कधी खणले, माती कोठे टाकली, लोळणे किती वेळा झाले, भरतीच्या वेळी काही फरक दिसतो का, हे पाहावे. दोन-तीन महिन्यांनी, मासे निरोगी असतील आणि त्या पेटीत दुकानातून आणलेला कोणताही मासा कधी ठेवलेला नसेल, तर ते जेथून आणले तेथेच ओहोटीच्या वेळी सोडावेत. बाहेरच्या माशांची संगत झाली असेल, तर रोग पसरण्याच्या भीतीने ते खाडीत सोडू नयेत.

ज्यांना खाडी जवळ नाही, अशा देशावरील गावांनी निवटीच्या वा समुद्रातील कोणत्याही बीळकरी माशाच्या मागे लागू नये. तेथील शाळेसाठी गप्पी पुरेशी आहे. ती डासांच्या अळ्या खाते, आणि तिची वीण मुलांच्या डोळ्यांसमोर होते.

आणि ज्या मुलांना पेटीची वाट पाहावयाची नसेल, त्यांना ओहोटीच्या वेळी बांधावर नेऊन बसवावे. पाच-दहा मिनिटे हालचाल न करता बसले, की समोरच्या चिखलातून एकेक डोके वर येऊ लागते. एक निवटी पर उभारून दुसरीला हुसकावते, एक तोंडातून चिखल आणून बिळाच्या कडेला रचते, तर एक कुशीवर लोळून अंग भिजवून घेते. यासाठी काच लागत नाही, मीठ मोजावे लागत नाही आणि एकही जीव मरत नाही. लागतो तो चिखल. आणि तो तसाच राखणे खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या हाती आहे.